उमाटेभाऊंची खिंड

वर्ध्याच्या उन्हात बसून बर्फाच्या गोष्टी सांगणारा माणूस एक तर थापाड्या असतो, नाही तर वेडा. उमाटेभाऊ यांतले नेमके कोण, हे ठरवण्यात माझी नोकरीची पहिली दोन वर्षं गेली. मग मी तो नाद सोडला, कारण तोवर त्यांच्या मोहिमेचा कागदन् कागद माझ्याच टाइपरायटरमधून निघायला लागला होता, आणि वेडेपणात माझाही वाटा पडला होता.

पंच्याहत्तर-शहात्तरचा हंगाम असेल. मी कापूस खरेदी केंद्रावर टायपिस्ट म्हणून लागले. केंद्र एका जुन्या जिनिंग-प्रेसच्या आवारात होतं. माझ्या टेबलासमोर खिडकी आणि खिडकीसमोर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग. पुंडलिकराव उमाटे तिथे ग्रेडर होते. बंडी पुढे आली की ते कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचे, आतून एक पुंजका काढायचे आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात तो हळूहळू ओढून धाग्याची लांबी बघायचे. बघायचे म्हणजे डोळ्यांनी नव्हे, डोळे मिटलेले असायचे. मग प्रत बोलायचे, आणि एरवी कशावरूनही हुज्जत घालणारी माणसं त्यांच्यापुढे मान हलवून बंडी हाकायची.

त्यांच्या त्या दोन बोटांना जगात दुसरं काही सुचत नसे. चहाला बसले की पोळी बोटांत धरून बघणार, पत्र आलं की कागद चोळून बघणार. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावरून जाताना त्यांनी माझ्या पदराचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "बाई, हे सूत आपल्याकडचं नोहे." दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती, की मी चक्क ओशाळून म्हटलं, "हो, माहेरून आलीय." "हात लावल्याबिगर काई खरं नाई," ते म्हणाले आणि निघून गेले. हे वाक्य मी पुढे हजारदा ऐकलं.

एक दिवस डब्याच्या सुट्टीत ते माझ्यापाशी आले. "बाई, एक पत्र करून देता का? सरकारी नोहे. घरगुती हाय."

पत्र हिंदीत होतं. गढवालातल्या एका गावच्या शाळामास्तरांना. तिथे खेचरं मिळतात का, सरपण कुठवर मिळतं, खिंडीच्या अलीकडे पाणी किती ठिकाणी आहे. मी विचारलं, "कुणाला जायचंय?"

"आमाले. खिंड ओलांडाची हाय." हिंगणघाटला जाऊन यायचंय म्हणावं, तितक्या सहज.

"मास्तर ओळखीचे आहेत का?"

"नाई जी. पण गाव हाय म्हणजे शाळा असन, शाळा हाय म्हणजे मास्तर असन, अन् मास्तराले पत्राचं उत्तर द्याले वेळ असते."

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. उमाटेभाऊ ते कुणाला सांगत नसत. आपल्या आधी कुणी जाईल, अशी त्यांना धास्ती होती. रद्दीच्या दुकानातल्या एका फाटक्या पुस्तकातला नकाशा त्यांनी बटरपेपरवर उतरवून घेतला होता. त्यात ते शेवटचं गाव होतं, त्याच्यावर एकात एक शिरलेल्या रेषा होत्या आणि त्या रेषांच्या माथ्यावर एक खिंड. खिंडीला नाव नव्हतं, नुसता चौदा हजार आणि काही फुटांचा आकडा होता. "नाव नाई म्हून तं जाचं," ते म्हणत. "नाव असलेल्या जागी समदेच जाते."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, कोण जाणे. मला सांगितलं, बियाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर बर्फाचा डोंगर पाहिला म्हणून. कापडवाले किसनलालजी त्यांचे जिवलग. त्यांना सांगितलं, स्वप्नात दिसलं. आणि बायकोनं विचारलं तर म्हणाले, "असंच." मला वाटतं, तिसरं उत्तर सगळ्यांत खरं होतं.

तीन महिन्यांनी मास्तरांचं कार्ड आलं. सुवाच्य अक्षर, प्रत्येक प्रश्नाला क्रमानं उत्तर. खेचरं मिळतील. सरपण पहिल्या मुक्कामापर्यंतच. दुसऱ्या दिवशी चढावर ओढ्याकाठी एक मोठा सपाट दगड आहे, गावचे लोक तिथे टेकून दम खातात, आपणही टेका. उमाटेभाऊंनी ते कार्ड दोन बोटांत धरलं आणि डोळे मिटले.

मग मी पहिला आराखडा टाइप केला. वर्धा ते दिल्ली, तिथून पुढे मोटार आणि मग पायी. कुठल्या दिवशी किती वाजता कुठे पोचायचं, कुठे टेकायचं, सगळं त्यात. "ओढ्याजवळ दगडावर विश्रांती, पंधरा मिनिटं." त्याखाली मोहिमेला जाणाऱ्यांची यादी: पुंडलिकराव, किसनलालजी, प्रेसचे मिस्त्री देवराव, आणि आमचे हे. आमच्या ह्यांना विचारलंच नव्हतं. त्यांना सतरंजीवरून पलंगावर चढायचाही कंटाळा. पण उमाटेभाऊ म्हणाले, "राहू द्या जी, नाव असलं म्हणजे माणूस तयार होते."

तयारीही झकास चालायची. मे महिन्यात भर बारा वाजता ते नालवाडीतल्या घरापासून केंद्रापर्यंत पाठीवर विटांची पिशवी घेऊन चालत यायचे. ऊन सोसलं की थंडी सोसते, हा त्यांचा हिशेब. त्यांचं शेत हमरस्त्यावरच्या जाम गावाजवळ होतं. पेरणीला गेले की जामच्या चौफुलीवर तासभर उभे राहायचे, उत्तरेकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांना चहा पाजायचे आणि विचारायचे, "ऊपर बर्फ गिरा क्या?" एकदा सफरचंदांचा ट्रक थांबला होता. त्यातल्या एका खोक्याला ते कितीतरी वेळ तळहात लावून उभे होते. ट्रकवाला म्हणाला, "ताऊ, खाना है तो ले लो." उमाटेभाऊ म्हणाले, "नहीं, नहीं, ठंडा है क्या देख रहा था." हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना तळहात माझ्यापुढे असा धरला, जसा काही तो अजून गार होता.

पण खरी तयारी गंजीवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या, दुमजली घराएवढ्या. दुपारच्या सुट्टीत उमाटेभाऊ कमरेला दोर बांधायचे, दोराचं दुसरं टोक देवराव मिस्त्रीच्या हातात द्यायचे आणि गंजी चढायला लागायचे. बर्फात चालायची सवय म्हणून. देवराव एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं भाकर खायचा. मी खिडकीतून बघायचे. सगळं आवार पांढरं, त्यावर ऊन, हवेत रुईचे तंतू तरंगताहेत आणि त्यातून एक किडकिडीत माणूस गुडघाभर कापसात पाय रोवत, एकेक पाऊल मोजत वर चाललाय.

"या ना बाई वर!" एकदा त्यांनी हाक मारली. "इथून दिसते!"

मी लोकलाज खुंटीला टांगली आणि गेले. पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. कापूस आतून कोमट होता. दहा पावलांवर कान बंद झाल्यासारखे झाले. जिनिंगच्या यंत्रांची घरघर, बैलांच्या घंटा, रांगेतली आरडाओरड सगळी कुठे तरी खाली राहिली. माथ्यावर पोचले तर चहूकडे नुसतं पांढरं, आणि त्याच्यापलीकडे स्टेशनचा सिग्नल, पाण्याची टाकी, मग नांगरलेली काळी शेतं पार धुक्यात विरलेली. धुकं कसलं, धूळच ती. पण एक क्षणभर मला खरंच गार वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. उमाटेभाऊ शेजारी उभे होते. "समजलं ना?" एवढंच म्हणाले आणि खोकले. खोकल्याचं काही नवल नव्हतं, त्या आवारात सगळेच खोकायचे.

मोहीम दर वर्षी ठरायची आणि दर वर्षी पुढे जायची. जूनमध्ये जावं तर पेरणी, पावसाळ्यानंतर जावं तर केंद्र सुरू व्हायची गडबड. मी दर वर्षी आराखडा नव्यानं टाइप करायचे आणि दर वर्षी यादी आखूड व्हायची. देवराव दुसऱ्या गावी गिरणीवर गेला. किसनलालजींना साखरेचा विकार जडला. आमच्या ह्यांनी एकदाचं तोंड उघडून सांगितलं, "मला वगळा." शेवटी यादीत एकच नाव उरलं. उमाटेभाऊ म्हणाले, "हरकत नाई. रिटायर झालो का सप्टेंबरात निघतो. आता नाई गेलो तं मंग नाईच." हसत म्हणाले, पण आवाजात हसू नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच त्यांची भीती कळली.

मास्तरांशी पत्रं चालूच होती. एकदा मास्तरांनी लिहिलं, इथल्या मुलांनी कापसाचं झाड पाहिलेलं नाही. उमाटेभाऊंनी फुटलेलं बोंड देठासकट पाकिटात घालून पाठवलं. उत्तरात मास्तरांनी तिकडच्या मेंढीच्या लोकरीचा पुंजका पाठवला. केंद्रातली सगळी माणसं जमली. उमाटेभाऊंनी लोकर बोटांत ओढली, डोळे मिटले आणि निकाल दिला: "धागा आखूड हाय. पण जिवट हाय."

आता कोटांबद्दल सांगायला हवं. गारठ्याचा बंदोबस्त त्यांनी पहिल्या वर्षीच करून ठेवला होता. सबंध हिवाळा वेचून वेचून सरकी काढलेली लांब धाग्याची रुई जमवली, पिंजाऱ्याकडून पिंजून आणली, किसनलालजींच्या दुकानातली जाड खादी घेतली आणि कमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, गादीसारखे टाके घालून चार कोट शिवले. नालवाडीच्या त्यांच्या घरात ते कोट ओळीनं खुंट्यांना टांगलेले असायचे. घरात शिरलं की चार माणसं भिंतीला पाठ लावून उभी आहेत असं वाटायचं. एकदा कोटाची गोष्ट पत्रात निघाली आणि मास्तरांनी उलट टपाली लिहिलं: "रुई का कोट मत लाइएगा. भीग गया तो सूखेगा नहीं, और आप उसी में रह जाएँगे."

उमाटेभाऊ इतके दुखावले, की दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलले नाहीत. आम्ही सगळेच दुखावलो, हे कबूल करते. कापसावर वाढलेली, कापसात निजणारी, मेल्यावर नाकात कापूस घालून घेणारी माणसं आम्ही. कापूस कधी दगा देईल हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. "त्यानं एक बोंड पाह्यलं अन् आमाले शिकवून राह्यला," उमाटेभाऊ म्हणाले. पण मग त्यांचा तो मंत्र आडवा आला. हात लावल्याबिगर काही खरं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी ते कोट घालून आले आणि आवारात आग विझवण्यासाठी भरून ठेवलेल्या हौदात उतरले. गळ्यापर्यंत. शंभरेक माणसं आणि तेवढेच बैल बघत होते. बाहेर आले तेव्हा कोटाच्या ओझ्यानं त्यांना उभं राहता येईना. ओठ जांभळे. दोघांनी मिळून कोट काढला आणि तारेवर टाकला. रोज सकाळी येऊन ते चिमटीत धरून बघायचे. चौथ्या दिवशी कडक ऊन असूनही चिमटीतून पाणी आलं. उमाटेभाऊंनी ओली बोटं पुसली. मग माझ्याकडे आले.

"मास्तराले लिवा, बाई. आप सही हैं." पत्र सांगून झाल्यावर म्हणाले, "कापसानं मले पयल्यांदा खोटं पाडलं."

हौदातून आलेला खोकला मात्र गेला नाही. किसनलालजींनी दटावून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छातीला नळी लावली आणि विचारलं, कापसात किती वर्षं काढलीत? बत्तीस, उमाटेभाऊ म्हणाले. डॉक्टर म्हणाले, ती सगळी तुमच्या छातीत बसली आहेत. डोंगरावर हवा विरळ असते. पायथ्याच्या गावापर्यंत जा हवं तर, त्याच्यावर एक पाऊलसुद्धा नाही.

हे त्यांनीच येऊन मला सांगितलं, माझ्या टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत. त्या हंगामात ते गंजीवर चढले नाहीत. कापूस बघायचे, प्रत सांगायचे आणि घरी जायचे. मला सगळ्या जगाचा राग आला होता. दहा वर्षं माणूस ज्याच्यात पाय रोवून चढायला शिकला, त्याच कापसानं त्याचा श्वास नेला, याला काय म्हणावं? मी कुणाकुणावर उगाच खेकसत होते, आणि मशीनवर चुका करत होते.

ते निवृत्त झाले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्हीही नालवाडीतच राहायचो. एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. उमाटेभाऊ खाटेवर, कमलाबाई जमिनीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसलेल्या. भिंतीवर तीनच कोट. कमलाबाईंनी मोहिमेबद्दल आजवर चांगला शब्द काढला नव्हता. "यायचा डोंगर अन् माह्या डोक्याले ताप," हे त्यांचं ठरलेलं. त्या दिवशी मान वर न करता म्हणाल्या, "बाई, तो कागद नव्यानं करून द्याजा."

"कुठला?"

"डोंगराचा. हे गावापर्यंत येतीन. पुढं मी जातो."

उमाटेभाऊ उठून बसले. "तू? तुले काय रस्ता मालूम हाय?"

"दहा वर्सं झाली ऐकून राह्यली." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणून दाखवलं. पहिला मुक्काम, सरपण तिथंवर. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून उजव्या हातानं. ओढ्याकाठी दगड, पंधरा मिनिटं. तिथून उभा चढ. एकही ठिकाण चुकलं नाही. "जामपासून शेतावर भारा घेऊन जातो मी. पाय हायेत मले. अन् तुमचं मन नाई राह्यलं तं घरात मलेच पाहा लागन ना हे तोंड."

उमाटेभाऊंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खोकत होते की रडत होते, मी बघितलं नाही.

सोमवारी यादी टाइप केली. एक, सौ. कमलाबाई उमाटे. दोन, पुंडलिकराव उमाटे, आणि पुढे कंसात "गावापर्यंत". तो कंस त्यांनी स्वतः सांगितला. मला तो नीट टाइप करता आला नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. तीन कागद फाडले.

सप्टेंबरात दोघं गेले. मास्तरांनी त्यांना घरी उतरवून घेतलं. दहा वर्षं पत्रांतून भेटलेली ही दोन माणसं समोरासमोर आली तेव्हा, कमलाबाई सांगतात, उमाटेभाऊंनी मास्तरांच्या अंगातली लोकरीची बंडी चिमटीत धरली आणि दोघं हसायला लागले. मास्तरांच्या बायकोनं आपला लोकरीचा झगा कमलाबाईंना दिला. लुगडं, त्यावर तो झगा, पायांत कॅन्व्हासचे बूट. बरोबर मास्तर आणि एक मेंढपाळ. चौथ्या दिवशी त्या खिंडीत पोचल्या आणि सहाव्या दिवशी परत गावात आल्या. उमाटेभाऊ सहाही दिवस मास्तरांच्या अंगणात आराखडा मांडीवर घेऊन बसले होते. आता पूल आला असेल. आता दगड.

कमलाबाईंनी खिंडीतून एक खडा आणला, करडा, कडा झिजलेला. उमाटेभाऊंनी तो दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. काय प्रत सांगितली, ते कमलाबाईंनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दोनेक वर्षांनी आमच्या ह्यांची बदली झाली. निघायच्या आधी दुपारी निरोप घ्यायला गेले. दार उघडंच होतं. उमाटेभाऊ ओसरीवर खाटेला टेकून बसले होते, फार वाळले होते. डोळे मिटलेले, बोटांत तो खडा. कमलाबाई पायाशी बसून लसूण सोलत होत्या आणि सांगत होत्या. हे रोजचं असावं, कारण आवाजात काही सांगितल्याचा थाट नव्हता.

"...मंग पूल वलांडला. उजव्या हातानं निघालो."

"डाव्या हातानं कड्याची सावली असन."

"तुमी गेलते का मी?"

"तू गेलती. सांग."

"सावली होती. पाणी लय गार, पायाले लागलं का जीव जाते असं. मंग चढ सुरू झाला. मास्तर पुढं, मी मधात. लहान लहान गवत होतं, त्याच्यावर दव. मंग गवत सरलं. मी भराभर पाय उचलून राह्यली..."

उमाटेभाऊंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांनी हात जरा वर केला.

"हळू चाल, कमळे," ते म्हणाले. "मले दम लागून राह्यला."

कमलाबाई थांबल्या. सोललेला लसूण वाटीत टाकला आणि सरकून खाटेला पाठ टेकली.

"बरं," त्या म्हणाल्या. "तो दगड आलाच हाय. बसू तिथं घडीभर."

मी चपला काढल्या आणि आवाज न करता पायरीवर बसले.